मधुमेहावरील औषधे व मूत्रपिंड
मधुमेहावरील औषधे मूत्रपिंडास अपाय करितात, असे सर्रास म्हटले जाते. या विधानातील कर्ता कोण व कर्म कोणते, हे तपासणे अगत्याचे आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवीत नाही. ते मूत्रावाटे अविकृत रूपात बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटास ३० मिलिलिटरांखाली गेल्यास ते शरीरात साचते, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका संभवतो, आणि ते वर्ज्य ठरते. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातील साखरेचे पुनःशोषण रोखते. त्यामुळे आरंभी गाळणक्षमता किंचित घटते. पण ती घट म्हणजे गाळण्यांवरील दाब उतरल्याची खूण होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावल्याचे आढळले. त्या घटीस भिऊन औषध परस्पर सोडणारा रुग्ण रक्षकासच दूर लोटतो.