केबांग ते विधानसभा : नेफाच्या प्रतिनिधित्वाची वाट

आजचा अरुणाचल प्रदेश १९७२पर्यंत 'नेफा' होता. कागदोपत्री तो आसामचा भाग, पण कारभार राष्ट्रपतींच्या वतीने आसामचे राज्यपाल पाहत. १९५२पासून तोवर देशात पाच लोकसभा निवडणुका झाल्या. त्यांपैकी एकाही निवडणुकीत इथल्या माणसाला मत देता आले नाही. नेफाचा खासदार राष्ट्रपती नेमत. पहिले नियुक्त खासदार होते खामती समाजाचे चौ खामून गोहाईं. १९६२मध्ये गोव्याचे पहिले दोन खासदारही असेच नेमले गेले. मात्र गोवेकरांना पुढच्याच वर्षी मतपेटी मिळाली. नेफाला ती मिळायला १९७७ साल उजाडले.

'लोक अजून तयार नाहीत' हे त्यामागचे सरकारी कारण मला मुळीच पटत नाही. आदी जमातीच्या गावांत केबांग ही ग्रामसभा फार पूर्वीपासून भरत आली आहे. जमिनीचा वाद असो, चोरी असो की शिकारीचा हक्क, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकायचे, वडीलधाऱ्यांनी बोलायचे आणि सगळ्यांना मान्य होईल असा निवाडा निघेपर्यंत बसायचे, ही तिची रीत. इंग्रजांच्या १९४५च्या नियमावलीनेही अशा ग्रामसभांचे न्यायाचे अधिकार मान्य केले होते. एकत्र बसून निर्णय कसा घ्यावा, हे या लोकांना दिल्लीने शिकवायची गरज नव्हती.

हे नीट ओळखले ते दाइंग एरिंग यांनी. ते स्वतः आदी आणि नियुक्त खासदार. त्यांच्या समितीने १९६५मध्ये गावपंचायत, अंचल समिती, जिल्हा परिषद आणि सर्वांत वर एजन्सी कौन्सिल अशी चार पायऱ्यांची रचना सुचवली. पहिली पायरी गावाच्या रूढीवरच उभी होती. १९६७मध्ये त्यासाठी नियमावली झाली, १९६९मध्ये कौन्सिल बसले. त्याचे काम राज्यपालांना सल्ला देण्यापुरतेच, आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी उपायुक्त. ही उणीव मोठी होती. तरीही कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित आणि तिरप या पाच जिल्ह्यांची माणसे तिथे प्रथमच एकत्र बसू लागली. पुढचे सारे याच कौन्सिलमधून वाढले: १९७२मध्ये प्रदेश कौन्सिल, १९७५मध्ये विधानसभा. एरिंग मात्र १९७०मध्येच गेले.

१९७७मध्ये लोकसभेच्या दोन जागांची निवडणूक लागली. पश्चिमेत रिंचिन खांडू ख्रिमे बिनविरोध आले, त्यामुळे तिथे मतदान झालेच नाही. पूर्वेत मतदान झाले आणि मतदारांनी बाकिन पर्टिन या अपक्षाला दिल्लीला पाठवले.