गाडीचे पॉलिश : बाटल्या सारख्या, कामे वेगळी

खंडेनवमीला गल्लीत ओळीने उभ्या केलेल्या गाड्या लांबून सगळ्याच नव्या कोऱ्या वाटतात. जवळ जाऊन बॉनेटवर पडलेले सूर्याचे प्रतिबिंब पाहिले, की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर त्या लपून जातात; काळ्या, गडद निळ्या गाडीवर मात्र डोळ्यांत भरतात. या धंद्यातले लोक त्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. त्या घालवणाऱ्या बाटल्या आता दुकानात रांगेने मांडलेल्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

माझे माहेर खानापूर तालुक्यातले, सासर गोकाकचे. घरात दोन्ही भाषा चालतात. मी शिकवते अर्थशास्त्र, पण बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायचे काम घरातल्या प्राध्यापकाकडेच येते. मध्यंतरी धाकट्या दिरांनी हुबळीच्या दुकानातून फोन केला, “वैनी, मूरू वंद थर अदाव, इदराग यावदु तगोळ्ळलि?” बाटल्या तीन, किमती जवळजवळ सारख्या आणि तिन्हींवर ‘स्वर्ल मार्क्स घालवते’ असा दावा. प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

रंग म्हणजे भांडवल

आधी या रेघांविषयी. त्या खरे तर गोल नसतात. पृष्ठभागावर सगळ्या दिशांना बारीक ओरखडे असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. हे ओरखडे बहुतेक वेळा आपल्याच हातून पडतात. आपल्याकडच्या तांबड्या धुळीत गारेचे कण असतात आणि गार रंगापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने ती धूळ पुसली, की रोज थोडे थोडे घासकाम होते.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या केसापेक्षाही कमी. ओरखडे याच थरात असतात. पॉलिश ते ‘भरून’ काढत नाही. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, मशीनवर चालवलेल्या जोरदार कंपाउंडने त्याच्या काही पट. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो आणि तो पुन्हा वाढत नाही. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर हे मुद्दल आहे, व्याज नव्हे.

आमच्या एका सहकाऱ्यांनी आपली गडद निळी गाडी दर दसऱ्याला एका गॅरेजमध्ये मशीनने ‘बफिंग’ करून घेतली. दरवेळी गाडी आरशासारखी चमकायची. सहाव्या वर्षी बॉनेटच्या कडेला पांढुरका पट्टा उमटला. कडांवर थर लवकर झिजतो; तिथे तो संपलाच होता. बॉनेट नव्याने रंगवावे लागले आणि नवा रंग बाकीच्या गाडीशी तंतोतंत जुळला नाही तो नाहीच.

एक शब्द, चार वस्तू

मराठीत आणि कन्नडमध्येही आपण सरसकट ‘पॉलिश’ म्हणतो. बाटल्यांत मात्र चार वेगळ्या वस्तू असतात. ‘कंपाउंड’ जास्त घासते. ‘पॉलिश’ कमी घासते आणि चमक आणते. ‘वॅक्स’ घासत नाही, फक्त वरून संरक्षण देते. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण याच कामाचे. चौथा प्रकार ‘क्लीनर वॅक्स’, म्हणजे थोडे घासणे आणि थोडे मेण एकत्र.

टर्टल वॅक्सचे ‘रबिंग कंपाउंड’ आणि ‘पॉलिशिंग कंपाउंड’ ऐकायला भावंडे वाटतात, पण पहिले दणकट कामासाठी आणि दुसरे हलक्या. मग्वायर्सच्या ‘अल्टिमेट कंपाउंड’ आणि ‘अल्टिमेट पॉलिश’चेही तसेच, पहिले ओरखडे कापते, दुसरे वॅक्सच्या आधी चमक वाढवते. मेंझेर्ना या जर्मन कंपनीच्या बाटल्यांवर आकडे असतात. 400 जोरदार, 2500 मध्यम, 3500 अगदी मुलायम. उद्यमबागेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. पॉलिश पेपरसारखेच, नंबर वाढला की धार कमी. मात्र हा हिशेब त्या कंपनीपुरता; दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांना तो लावू नये.

काढते की झाकते?

सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांतला खरा फरक इथे असतो. काही पॉलिशांत तेले आणि भरणद्रव्ये असतात. ती ओरखड्यात बसतात, रेघ दिसेनाशी होते आणि काही धुण्यांनंतर पुन्हा हजर! कन्नडमध्ये म्हणतात, ‘बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ला’. आपल्याकडे, ‘दिसते तसे नसते’. झाकणे वाईटच असे नाही. थर आधीच पातळ झालेल्या जुन्या गाडीला तेच बरे. पण काढण्याचे पैसे देऊन झाकणे घरी आणू नये.

याची परीक्षा सोपी आहे. पॉलिश केलेल्या भागावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी असे मिश्रण मऊ कापडाने हलकेच फिरवावे. गाडी सावलीत, थंड असावी आणि जवळ ज्योत नसावी. मग मोबाइलचा टॉर्च धरावा. रेघा परत दिसल्या तर त्या झाकल्या होत्या, गेल्या नव्हत्या.

निवडताना क्रम असा ठेवावा. प्रथम गाडी धुऊन ओरखड्यावरून हळूच नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे. पॉलिशच्या मागे लागू नये. अडकले नाही तर सगळ्यांत सौम्य पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या बाजूला वीतभर जागेत हाताने लावून पाहावे. जमले तर तेच पुरे. नाही जमले तरच एक पायरी वर चढावे. काही जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांना क्लिअर कोट नसतो. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला तर ते ओळखावे आणि हात आणखी हलका ठेवावा. मशीन लावायचेच असेल तर नुसत्या गोल फिरणाऱ्यापेक्षा ‘ड्युअल ॲक्शन’ मशीन नवशिक्याला सुरक्षित. ते एका जागी कमी तापते.

दिरांनी तिघांतली सौम्य बाटली घेतली. दारावर करून पाहिले, अल्कोहोलने पुसून पाहिले. निम्म्याहून जास्त रेघा गेल्या. उरलेल्या दहा पावलांवरून दिसत नाहीत. “इष्ट साकु,” म्हणाले. शंभर टक्के रेघा घालवण्यासाठी अर्धा थर खर्च करण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

पॉलिश झाल्यावर वॅक्सचा हात द्यावा आणि कोरडे झाडण गाडीतून कायमचे काढून टाकावे. आधी भरपूर पाणी मारून माती वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळण्याची. पुसायला स्वच्छ मायक्रोफायबर. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. मुले अठराची झाली की आपण त्यांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच आठवड्यात हे धुणेही शिकवावे. दसऱ्याला नवी बाटली आणायची वेळच मग क्वचित येईल.