गोलरक्षकाशी लांबचा करार

आइस हॉकीचा गोलरक्षक रिक डिपिएट्रो २०१३ नंतर न्यूयॉर्क आयलंडर्सकडून एकदाही बर्फावर उतरलेला नाही. तरी हा संघ त्याला दर वर्षी १५ लाख डॉलर देतो आणि २०२९ पर्यंत देत राहणार आहे.

२००६ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या गोलरक्षकाशी आयलंडर्सनी १५ वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार केला. पुढे दुखापतींनी त्याला जेरीस आणले. २०१३ मध्ये संघाने करार मोडला, तेव्हा ८ वर्षे आणि ३ कोटी ६० लाख डॉलर शिल्लक होते. एनएचएल या आइस हॉकी लीगचा नियम असा, की २६ किंवा त्याहून अधिक वयाच्या खेळाडूला उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश द्यायचे, तेही उरलेल्या काळाच्या दुप्पट वर्षांत. म्हणजे २ कोटी ४० लाख, १६ वर्षांत. त्या वर्षी खास सवलत होती, म्हणून ही रक्कम वेतनमर्यादेत धरली गेली नाही. एरवी ती धरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असल्याने मालक कितीही गडगंज असला तरी फसलेल्या कराराची जागा नुसत्या पैशाने भरून काढता येत नाही.

पण हे कोणत्याही खेळाडूबाबत घडू शकते. मग गोलरक्षकाचीच धास्ती जास्त का? कारण त्याची किंमत ठरवणारा आकडाच निसरडा आहे. एका हंगामात १,५०० फटके अंगावर घेणारा गोलरक्षक शंभरातले ९१ अडवतो की ९०, यावर तो उत्तम की सामान्य हे ठरते. फरक अवघा १५ गोलांचा. आणि कौशल्य तेच राहिले तरी केवळ नशिबाने १०-११ गोल इकडचे तिकडे होणे अगदी नेहमीचे. समोरचे बचावपटू चांगले असतील तर तोही हिशेब त्याच्याच नावावर चढतो. एक झकास हंगाम पाहून सात-आठ वर्षांचा करार करणारा व्यवस्थापक मला म्हणूनच धाडसी कमी, भाबडा जास्त वाटतो.

त्यात शरीराचा प्रश्न. हल्लीचा गोलरक्षक फटका येताच गुडघे बर्फावर टेकून पाय दोन्ही बाजूंना फाकवतो. सरावात आणि सामन्यात ही हालचाल असंख्य वेळा होते. खुब्याचे सांधे आणि गुडघे ती किती वर्षे सोसणार? माँट्रियलच्या कॅरी प्राइसने वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरच्या, आठ वर्षांच्या करारावर २०२१ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात तो पाच सामने खेळला आणि तिथेच थांबला. करार मात्र आणखी चार वर्षे उरला होता. दीर्घकाळ जायबंदी खेळाडूसाठी मर्यादेत सूट मिळते खरी, पण तिची कसरत संघाला दर वर्षी करावी लागते. अखेर २०२५ मध्ये माँट्रियलने तो करार सॅन होजेच्या गळ्यात घातला.

उलट उदाहरणही आहे. फ्लोरिडाने २०१९ मध्ये सर्गेई बोब्रोव्हस्कीला सात वर्षांसाठी ७ कोटी दिले. पहिल्याच हंगामात त्याचा खेळ घसरला आणि हा करार टिंगलीचा विषय झाला. २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच फ्लोरिडाने लीगच्या विजेत्याचा स्टॅनली कप जिंकला, गोलमध्ये बोब्रोव्हस्कीच होता.

न्यूयॉर्क रेंजर्सनी डिसेंबर २०२४ मध्ये इगोर शेस्टर्किनशी आठ वर्षांचा, ९ कोटी २० लाखांचा करार केला, तो बहुधा बोब्रोव्हस्कीचे हेच उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून. करार संपताना शेस्टर्किन ३७ वर्षांचा असेल.