दहाचे ठोके पडले

संपादकांनी मला लोझानला पाठवलं ते तिथल्या हॉटेलांवर लिहायला. विषय रास्तच होता. हॉटेल चालवण्याचं रीतसर शिक्षण देणारी जगातली सर्वांत जुनी शाळा याच शहराची, १८९३ सालची. ती पाहिली, सुटाबुटातली अदबशीर मुलंमुली पाहिली, वहीही भरली. पण लिहायला बसल्यावर डोक्यात घोळत राहिला तो एक पहारेकरी, ज्याचा कुठल्याच हॉटेलशी संबंध नाही.

लोझान उतारावर वसलंय. लेमान सरोवराकाठच्या ऊशीपासून शहर जे चढायला लागतं ते थांबतच नाही. एका हॉटेलात रस्त्यावरून सरळ आत शिरलो तर लिफ्टच्या आकड्यांप्रमाणे आम्ही चौथ्या मजल्यावर! न्याहारीची खोली खाली, आणि तिच्या खिडकीबाहेर भलताच रस्ता. दुहेरी पलंगावर दोघांना दोन वेगळ्या दुलया. चहाच्या किटलीचा मात्र पत्ता नाही. हे सगळं सवयीचं होतं. रात्रीचं नव्हतं.

जुन्या गावात, कॅथेड्रलच्या पायथ्याशी एका लहानशा हॉटेलात उतरलो होतो. दहाचे ठोके पडले आणि पाठोपाठ वरून माणसाचा आवाज आला. "पहारेकरी बोलतोय! दहाचे ठोके पडले!" अशा अर्थाची फ्रेंच हाक. मग तीच हाक जरा दुरून, मग आणखी दुरून. आपल्याकडचा गुरखा काठी आपटत सोसायटीला फेरी मारतो. हा मनोऱ्यालाच फेरी मारत होता.

१४०५ मध्ये इथे मोठी आग लागली. घरं लाकडी. त्यानंतर मनोऱ्यावर रात्रीचा पहारा बसला तो आजतागायत. आगीची वर्दी कधीच अग्निशमन दलाकडे गेली, तरी हे पद महापालिकेने राखलं. १५३ पायऱ्या चढून पहारेकरी वरच्या लहानशा खोलीत जातो. रात्री दहा ते दोन, दर तासाला घंटा वाजून गेली की काळी फेल्ट हॅट आणि हातात कंदील अशा थाटात बाहेर येतो, हातांचा कर्णा करतो आणि चारही दिशांना हाक घालतो. म्हणजे रात्रीत वीस हाका. ध्वनिवर्धक नाही. म्हणून वाक्य घाईत उरकून चालत नाही. एकेक अक्षर ओढत न्यावं लागतं, नाहीतर खाली नुसतं ओरडणं पोहोचतं. खाली चौकात उभा राहून मी दोन वेगळ्या रात्री ऐकलं. माणूस बदलला होता हे पहिल्याच हाकेला कळलं. मुख्य पहारेकऱ्याच्या सुटीला बदली माणसं असतात. रेनातो हॉयस्लर २००२ मध्ये मुख्य पहारेकरी झाले, त्याआधी वर्षानुवर्षं तेही बदलीवरच होते. २०२१ मध्ये कासांद्र बेर्दो या तरुणीची नेमणूक झाली. सहाशे वर्षांत पहिली बाई.

आता काळजीचं. हाक द्यायला माणसं मिळतायत. ऐकणारे कुठून आणायचे? याच टेकडीच्या पोटातून २००८ पासून चालकाविना मेट्रो धावते, तिचं कौतुक मलाही आहे. पण नंतर त्याच भागात एका नव्या हॉटेलात राहिलो, तर खिडकी उघडतच नव्हती. जाड काचा, वातानुकूलन, आणि रात्रीच्या स्वागतकक्षात माणसाऐवजी दारावर आकड्यांची कळपट्टी. दहा वाजले, अकरा वाजले, काही ऐकू आलं नाही. सकाळी विचारलं तर तिथल्या मुलीने अभिमानाने सांगितलं, "आमच्या खोल्या अगदी शांत आहेत." तिचंही चुकत नव्हतं. पाहुणे झोपेचे पैसे मोजतात, आवाजाची तक्रार करतात. हॉटेलवाला खिडकी बंद करणारच. मनोरा वाचवायला वारसा-कायदे आहेत, खिडकीसाठी कुठलाच नाही.

तेव्हा लोझानला गेलात तर खोली ठरवतानाच विचारा: खिडकी उघडते का, आणि कॅथेड्रलच्या बाजूला आहे का? आतल्या अंगणाकडची खोली चांगली म्हणून पुढे केली जाईल. ती नको म्हणा. हॉटेलकडून शहरातल्या बस-मेट्रोचा फुकट पास मिळतो, तो मागून घ्या. बेसिएर स्थानकावर उतरलात की कॅथेड्रल चालत काही मिनिटांवर आहे. दहाच्या आधी पोहोचा.