गळ, गांडूळ आणि लायसन्स

ऑनसाइटला गेल्यावर वीकएण्डला नदीकाठी गळ टाकून निवांत बसायचं, असा बेत तुमच्याही डोक्यात आहे? जरूर बसा. पण आधी माझा किस्सा ऐका.

एप्रिलमधला रविवार. रेडिंगमध्ये चक्क ऊन पडलं होतं. ज्यांनी इंग्लंडात एक तरी हिवाळा काढलाय, त्यांना या ‘चक्क’चं वजन कळेल. मला ऑनसाइट येऊन सात महिने झाले होते, प्रोजेक्ट नुकताच लाइव्ह गेला होता आणि त्या आनंदात मी आदल्या दिवशी रॉड, रील, गळांचं पाकीट असा सगळा सेट विकत घेतला होता. डब्यात दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात परसातली गांडुळं. थेम्सच्या काठावर एका झाडाखाली बैठक मारली आणि गळाला गांडूळ लावायला घेतलं.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला निघालेले एक गोरे आजोबा थांबले. आधी हवेबद्दल चार वाक्यं झाली. त्याशिवाय तिथे कुणी कुणाशी बोलायला सुरुवातच करत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, ‘लायसन्स आहे ना तुझ्याकडे?’

मी हसले. मासे धरायला लायसन्स? मला वाटलं, हाच तो सुप्रसिद्ध ब्रिटिश विनोद.

आजोबा काही हसले नाहीत. त्यांनी एकेक करत तीन बोटं वर केली. एक, रॉड लायसन्स नाही. दोन, हा काठ एका अँगलिंग क्लबकडे आहे आणि तू त्याची मेंबर नाहीस. तीन, हा एप्रिल आहे, नदी बंद आहे. मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं की नदी बंद असते!

माझं आजोळ मालवणकडचं. खाडीवर गरवायला जाताना आम्ही कुणाच्या बापाला विचारलं नाही. आजोबा दोरीला गळ बांधून द्यायचे, आमिषाला कोळंबी, आणि जे लागेल ते संध्याकाळी तव्यावर. त्यामुळे पाणी सगळ्यांचं, हा माझा फंडा एकदम क्लिअर होता. (खरं तर आपल्याकडेही तो तितकासा खरा नाही. आपल्या धरणांमधली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते आणि पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची स्वतःची अँगलिंग असोसिएशन आहे. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?)

घरी येऊन नेटवर वाचत बसले आणि पोहे खायचं विसरले. इंग्लंड आणि वेल्समध्ये नदी, तलाव, कालवा कुठेही गोड्या पाण्यातला मासा रॉडने धरायचा तर १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. १९७५ सालचा कायदा आहे. दंड किती? अडीच हजार पौंडांपर्यंत! आणि हा आपल्या ट्रॅफिक पोलिसासारखा जागच्या जागी फाडायचा दंड नव्हे. मामला कोर्टात जातो आणि तुमच्या नावावर गुन्हा लागतो. वापरायच्या इराद्याने रॉड जवळ बाळगणंसुद्धा या कायद्यात येतं. म्हणजे ‘अहो, अजून गळ पाण्यात गेलाच नव्हता’ हे सांगून माझी सुटका झालीच असती असं नाही. वर आणखी एक. दुसऱ्याच्या मालकीच्या पाण्यात विनापरवानगी मासे धरण्याची तरतूद त्यांनी कुठे टाकलीय माहितीये? १९६८ च्या चोरीच्या कायद्यात.

त्याच आठवड्यात माझ्या व्हिसा एक्स्टेन्शनचे कागद ऑफिसात फिरत होते. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुम्हाला कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? तिथे काय लिहिणार होते मी? ‘हो, एकदा थेम्सकाठी, गांडुळांसह’? रात्री झोप लागली नाही. एका दिवसाचं लायसन्स साधारण सात-आठ पौंडांचं, म्हणजे ऑफिसखालच्या सँडविच-कॉफीच्या भावात मिळतं. तेवढ्यासाठी मी नोकरी, व्हिसा आणि आई-बाबांची जूनची इंग्लंड ट्रिप पणाला लावली होती.

आता लायसन्स काढणं किती कठीण? अजिबात नाही. सरकारी वेबसाइटवर दहा मिनिटांचं काम. एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिने, हवं ते घ्या. पासपोर्ट भारतीय असला म्हणून जास्त पैसे नाहीत. १३ ते १६ वयाच्या मुलांना लायसन्स लागतं, पण फुकट मिळतं. या पैशातून नद्यांमध्ये मासे सोडतात, पाण्यावर आणि माशांवर लक्ष ठेवतात. नॉटिंगहॅमजवळ कॅल्व्हर्टनला सरकारचं मत्स्यबीज केंद्रच आहे.

गोची पुढे आहे. आपल्यापैकी बहुतेकजण लायसन्स काढून खुशाल जाऊन बसतात आणि तिथेच फसतात. लायसन्स म्हणजे फक्त रॉड वापरायची परवानगी. तो कुठे वापरायचा, हे त्या पाण्याचा मालक ठरवतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वर नदीतल्या मासेमारीचा हक्क सहसा काठाच्या जमिनीबरोबर येतो आणि बऱ्याच ठिकाणी तो क्लबने भाड्याने घेतलेला असतो. मग मेंबरशिप घ्या, नाहीतर एका दिवसाचं ‘डे तिकीट’ काढा. म्हणजे कागद दोन, एक सरकारचा आणि एक मालकाचा. समुद्रात रॉडने मासे धरायला मात्र लायसन्स नाही. आणि गाडी काढून स्कॉटलंडला गेलात की सगळंच उलटं! तिथे सरहद्दीवरची एस्क नदी सोडली तर रॉड लायसन्स हा प्रकारच नाही, मालकाची परवानगी मात्र हवीच. सामन मासा धरायचा असेल तर रविवारी नाही. कायद्यानेच बंदी आहे. पाच दिवस ऑफिस करणाऱ्यांनी काय करावं, हे सामनला विचारा.

तिसऱ्या बोटाचं म्हणाल, तर ते मला न विचारता कळायला हवं होतं. इंग्लंडातल्या नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून सामन-ट्राउट सोडून बाकीच्या माशांना गळ टाकायला बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ. बहुतेक तळी चालू असतात, नद्या नाहीत. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात ते कशासाठी? तेच. मालवणची मुलगी असून माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही, याची जास्त लाज वाटली.

आणि मग आला सगळ्यात मोठा धक्का. धरलेला मासा घरी न्यायचा नाही! म्हणजे अगदीच नाही असं नाही. नदीतून दिवसाला एक पाइक, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचा, किंवा वीस सेंटिमीटरपर्यंतचे ठरावीक जातींचे पंधरा छोटे मासे, असा सरकारी हिशेब आहे. पण बऱ्याच क्लबांचा नियम त्याहून कडक, सगळे मासे परत पाण्यात. कार्प हा आपल्या रोहू-कटल्याच्या घराण्यातला मासा. तो पाहून आपल्याला आलं-लसूण-कोथिंबीर आठवते, तिथे लोक त्याच्याबरोबर फोटो काढून त्याला अलगद सोडून देतात. तुम्ही पिशवीत टाकलात तर गुन्हेगार.

हेच लॉजिक घेऊन माझा इंजिनीअरिंगचा मित्र जर्मनीत गेला. इंग्लंडात शिकलेला, सज्जन, धरलेला मासा सोडणारा. तिथल्या सहकाऱ्याने त्याला वेळीच थांबवलं. जर्मनीत खायचा नसताना केवळ मजेसाठी मासा गळाला लावणं प्राणी संरक्षण कायद्यात अडकू शकतं, कारण विनाकारण प्राण्याला वेदना का द्यायच्या? स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरण्यावर २००९ पासून बंदी आहे. थोडक्यात, एका देशात ठेवलात तर चोर आणि दुसऱ्या देशात मुद्दाम सोडलात तर क्रूर! आता मला विचाराल तर माझं मन जर्मनांकडे झुकतं. पण मी मालवणची, माझं मत निःपक्षपाती कसं असणार?

जर्मनीत लायसन्ससाठी सहसा परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, कायदा, मासा कमीत कमी वेदना देऊन कसा मारायचा, सगळा अभ्यास, तोही जर्मनमधून. नियम राज्याराज्यांत वेगळे. बाल्टिक समुद्राकाठच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्नमध्ये मात्र पर्यटकांना २८ दिवसांचं लायसन्स परीक्षेशिवाय मिळतं. मित्राने तेच काढलं.

अमेरिका-ऑस्ट्रेलियातही प्रत्येक राज्याचं वेगळं संस्थान. सिडनीत समुद्रातसुद्धा फी भरल्याशिवाय गळ टाकता येत नाही, तर कॅलिफोर्नियात समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यावरून लायसन्सशिवाय चालतं. न्यूझीलंडला हनिमूनला जाणाऱ्यांनी एवढं ऐकाच. तिथे ट्राउट विकायला आणि विकत घ्यायला बंदी आहे, त्यामुळे तो मेन्यूकार्डावर शोधू नका. खायचा तर स्वतः धरा. ताउपो तलावाच्या भागाचं लायसन्स बाकी देशाच्या लायसन्सपेक्षा वेगळं. आणि वापरलेला रॉड, पाण्यात घालायचे बूट बॅगेत असतील तर एअरपोर्टवर आधी सांगा. दुसऱ्या देशातल्या पाण्याचा एक थेंबही त्यांना आपल्या नद्यांत नको असतो.

माझं काय झालं? वर्षाचं लायसन्स काढलं, क्लबचं डे तिकीट घेतलं आणि १६ जूनची वाट पाहिली. त्या दिवशी नदी उघडते आणि खरे शौकीन आदल्या मध्यरात्रीच काठावर येऊन बसतात. मी पहाटे पाचला पोचले, तर एप्रिलमधलीच जागा रिकामी. साताच्या सुमारास क्लबचा माणूस आला. मोबाइलवरचं लायसन्स आणि तिकीट पाहिलं, काय लागलं का विचारलं आणि पुढे गेला. दोन मिनिटं. आठ वाजता एक ब्रीम लागला, हातभर लांब, रुपेरी-तपकिरी. फोटो काढला, हात ओले करून त्याला धरलं आणि पाण्यात सोडला.

रात्री आजीला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती काही क्षण गप्पच होती.

‘सोडलंस?’ ती म्हणाली. ‘मगे गेलंस कित्याक?’