ऊन हरवलेल्या अंगणात

शेजारच्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या अंगणातलं ऊन गेलं. सकाळी तासभर एका कोपऱ्यात येणारा कवडसा तेवढा उरला. आईच्या गुलाबांच्या वर्षभरात काटक्या झाल्या. झेंडू उंचच उंच वाढला, पण फूल धरेना. 'आता इथं काही व्हायचं नाही,' म्हणत आईनं खुरपं माळ्यावर टाकलं. ऊन गेल्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

मग आठवला तेरडा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून आपण त्याला उगाच बदनाम केलंय! भाद्रपदात कित्येक घरांत गौर म्हणून मुळासकट येणारा हा पाहुणा ढगाळ पावसाळ्यात मजेत फुलतो. मात्र त्यालाही थोडं ऊन हवंच. उन्हाशिवाय भागतं ते त्याच्या पूर्व आफ्रिकेतल्या भाऊबंदाचं. नर्सरीत त्याला 'इम्पेशन्स' म्हणतात. या लॅटिन नावाचा अर्थ उतावीळ. पिकलेल्या शेंगेला बोट लावा, ती फट्‌कन फुटून बी उडवते. लहान मुलांना हा खेळ जरूर दाखवा.

सावली म्हणजे अंधार नव्हे, बरं का. भरदुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवा. इम्पेशन्सचं बी मातीत खोल पुरू नका, उजेड मिळाला तर ते चांगलं रुजतं. नुसतं हलकं दाबा. जोडीला टोरेनिया लावा. जांभळ्या फुलाच्या घशात पिवळा ठिपका, आणि आत दोन पुंकेसर कमान करून एकमेकांना टेकलेले. कोलिअसची तर पानंच फुलांसारखी. तुरा दिसला की खुडायचा, म्हणजे झाड भरतं.

आमची खरी चूक झाली ती पाण्यात. उन्हातल्या कुंड्यांच्या सवयीनं रोज पाणी घातलं आणि पहिली सहा रोपं बुंध्याशी कुजली. सावलीत माती लवकर वाळत नाही. बोट पेरभर आत घालून पाहावं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. मातीत शेणखत आणि वाळू मिसळावी. युरियाचा मोह टाळावा, नाहीतर नुसता पाला माजतो. पानामागे पांढरी बुरशी दिसली तर रोप उपटून टाकावं. हा केवडा रोग. 2011-12च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या बागांत त्यानं इम्पेशन्सची दाणादाण उडवली होती. 'न्यू गिनी' प्रकाराला तो सहसा बाधत नाही.

परवा त्या नव्या इमारतीतल्या एक बाई कोलिअसची फांदी मागायला आल्या. 'पाण्याच्या ग्लासात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतील,' आईनं सांगितलं. त्या गेल्यावर मला म्हणाली, 'आमचं ऊन यांनीच नेलं की रे!' आणि लगेच, 'ते दुसरं खुरपं कुठंय?'