खोडदच्या तबकड्यांना तार मिळाली. डोंगरातल्या वाड्यांना कधी?

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद नावाचे गाव आहे. या भागातून जाताना ऊस-कांद्याच्या शिवारात प्रचंड जाळीदार तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. थोर शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती १९९० च्या दशकात उभारली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आणि अशा एकूण ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दरवर्षी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, शाळांची मुले ही दुर्बीण पाहायला झुंडीने येतात. आपणही आपल्या मुलांना एकदा अवश्य न्यावे.

मुलांना नेल्यावर तबकड्यांबरोबर आणखी एक गोष्ट समजावून सांगावी. ती म्हणजे जमिनीखालची तार.

काचेच्या धाग्यातला प्रकाश

तीस तबकड्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र आल्या तरच आकाशाचे नीट चित्र तयार होते. त्यासाठी प्रत्येक तबकडीपासून खोडदच्या मुख्य इमारतीपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकलेली आहे. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून वीज जात नाही, लेसरचा प्रकाश जातो आणि त्या प्रकाशावर स्वार होऊन माहिती धावते. शेतातून, ओढ्यातून, गावाच्या कडेने ही तार गेली. आपल्याकडे इंटरनेट हा शब्दही घरोघरी माहीत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

या तारेचा दुसरा गुण असा, की तिच्यातून रेडिओ लहरी बाहेर सांडत नाहीत. दुर्बिणीला शांतता लागते. मोबाईलच्या लहरींनी तिच्या कामात व्यत्यय येतो, म्हणून या परिसरात टॉवर उभारताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पण तारेने इंटरनेट देण्याच्या आड ही अडचण येत नाही. विज्ञानासाठी गावांनी गप्प बसावे, असा हा झगडा नाहीच.

ऑस्ट्रेलियातही मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहत आहे. ती जमीन वजारी यमाजी या आदिवासींची. २०२२ मध्ये त्यांच्याशी रीतसर करार झाला आणि त्या जागेला त्यांच्याच भाषेतले नाव मिळाले. त्याचा अर्थ, आकाश आणि तारे वाटून घेणे. आपल्याकडेही वाटून घ्यायची भाषा हवी.

खबर एसटीने आणली

खोडदहून पश्चिमेकडे निघाले की बागायत संपते आणि सह्याद्री सुरू होतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासींच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. याच पट्ट्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण आहे.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीत डोंगर खचला आणि माळीण गाव चिखलाखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन आला, तर रस्त्यावर चिखल आणि गावच जागेवर नाही. इंटरनेट असते म्हणून डोंगर कोसळायचा थांबला नसता. पण पावसाचा इशारा वेळेवर मिळणे, शेजारच्या गावाला हाक देणे, दवाखान्याला कळवणे ही कामे मिनिटांची आहेत. ती बसच्या वेळापत्रकावर सोडता येत नाहीत.

रेंज नाही म्हणजे रेशन नाही

शहरात काहींना वाटते, डोंगरातल्या माणसाला इंटरनेट कशाला? सिनेमे पाहायला? शासनानेच आता कारभार ऑनलाईन केला आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासीबहुल गावात दिले गेले. पुढे त्याच आधारवर रेशनचा अंगठा आला, बँकेचे पैसे आले, शिष्यवृत्ती आली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलवर फोटो काढून नोंदवणे सक्तीचे झाले. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा सातपुड्यातल्या बाया नेटवर्क शोधत डोंगर चढल्या. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली. ज्यांच्या वाडीत रेंज नव्हती त्यांच्या मुलांची शाळा भरलीच नाही.

म्हणजे हक्क कागदावर आहे आणि तो मिळवायचे दार ऑनलाईन आहे. दार उघडायची किल्ली मात्र दिलेली नाही.

पैसा कोणाचा?

मोबाईल कंपन्या म्हणतात, डोंगरात गिऱ्हाईक थोडे, खर्च फार. दरीच्या आड लहर जात नाही, टॉवरला वीज टिकत नाही. हे खरे आहे. म्हणूनच २००२ मध्ये सरकारने सर्वांपर्यंत दूरसंचार सेवा नेण्यासाठी वेगळा निधी सुरू केला. कंपन्यांच्या ठरावीक महसुलातला ५ टक्के वाटा त्यात जमा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. कंपनीचा महसूल येतो कोठून? तुमच्या-आमच्या रिचार्जमधून. पुण्यातला हमाल, मुंबईतला सफाई कामगार आणि माळीणची आई, सगळ्यांनी हे पैसे भरले आहेत. वाडीत इंटरनेट येणे ही कोणाची मेहेरबानी नाही.

याच निधीतून २०११ मध्ये मंजूर झालेली योजना आज भारतनेट म्हणून ओळखली जाते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची, हे तिचे उद्दिष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पण तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत गेली, म्हणजे वाडीत पोहोचली असे होत नाही. डोंगरात एका पंचायतीत अनेक वाड्या असतात, मधे ओढे आणि टेकड्या असतात. कोठे पेटीला वीज नसते, कोठे रस्ता खणताना तार तुटते आणि जोडायला कोणी येत नाही.

पाटी लावून भागत नाही

मेळघाटातले हरिसाल हे कोरकूंचे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. शासन आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी एकत्र आली. २०१९ च्या निवडणूक प्रचारात त्याच गावातल्या बंद पडलेल्या सोयींवरून राज्यभर वाद झाला. उद्घाटन एक दिवसाचे असते, दुरुस्ती रोजची. ती कोण करणार हे ठरले नाही तर पाटी तेवढी उरते.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात आदिवासी पट्ट्यातल्या गावांना बिनतारी पद्धतीने जोडले आणि पंचायतीलाच भागीदार करण्याचा विचार मांडला. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिला संस्थेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मोठी तार गावापर्यंत, पुढचा टप्पा बिनतारी आणि देखभाल गावच्या माणसाकडे, ही रीत सह्याद्रीतही चालण्यासारखी आहे.

ग्रामसभेत काय विचाराल?

जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. त्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. वाडीला स्वतंत्र ग्रामसभाही मागता येते. तेव्हा हे प्रश्न लेखी विचारा :

१. आमच्या पंचायतीत भारतनेटची तार आली आहे का? चालू आहे की बंद?

२. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्राला जोड कधी मिळणार?

३. वेग किती? २०२३ पासून सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणता येते.

४. राज्याने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पेसा पंचायतींना द्यायचे ठरवले. त्यातून देखभालीचा खर्च करता येईल का?

५. कातकरी वाडी असेल तर २०२३ च्या पीएम-जनमन योजनेतला टॉवर आमच्या यादीत आहे का?

उत्तर लेखी घ्या, ठरावाची नक्कल जवळ ठेवा आणि एक प्रत घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घ्या. शहरात शिकणाऱ्या मुला-मुलींनी सुट्टीत गावी गेल्यावर हा अर्ज लिहून द्यावा. गावचा म्हातारा अंगठा देईल, अर्ज लिहायला मात्र शिकलेला हात लागतो. खोडदच्या शेतांतून तीस वर्षांपूर्वी तार नेता आली, तर डोंगरातल्या वाडीपर्यंतही ती नेता येईल. त्यासाठी मागणारे उभे राहिले पाहिजेत.